आठ नंबरचं मागचं दार

१५ जानेवारी
आजपासून रोजनिशी. खास कारण नाही. आयरीन म्हणते, निवृत्तीला चार वर्षं उरली की नवऱ्यांना असलं काहीतरी सुचतं. बायको आहे, बोलणारच.
काल उणे अडतीस होतं. शहरातल्या सगळ्या बस दहा-दहा मिनिटं मागे. माझी आठ नंबर हिल्यार्ड स्ट्रीटवरून बरोबर दोन सातला सुटली. वक्तशीर ड्रायव्हरचा फलक सलग सहा वर्षं माझ्याकडे आहे, तो उगाच नाही. निघाल्यावर आरशात वाटलं, लाँड्रीच्या दारात कुणीतरी लाल हातमोजा वर केलाय. पण नियम स्पष्ट आहे. प्रवासी थांब्याच्या खांबापाशी उभा हवा. शिवाय ती टपालपेटी असणार. टपालपेटी लालच असते.

१६ जानेवारी
टपालपेटी लाँड्रीपाशी नाही. पलीकडच्या कोपऱ्यावर आहे. आरशात अंतरं फसवी दिसतात, सगळ्यांना माहीत आहे. विषय संपला.
तुओमिनेनबाई आजही दिसल्या नाहीत. वय ब्याऐंशी. नऊ वर्षं माझ्याच बसला. हिवाळ्यात लाँड्रीच्या दारात उबेला थांबतात, बस दिसली की लाल हातमोजा वर करतात आणि मी गाडी थांबवतो. (त्यांच्यापुरता नियम थोडा सैल. म्हातारं माणूस.) ग्रंथालयापाशी मागच्या दाराने उतरताना थँक यू म्हणतात. आमच्याकडे उतरताना सगळेच म्हणतात, पण तोंडातल्या तोंडात. बाईंचं अख्ख्या बसला ऐकू जातं. नाताळात मला वेलदोड्याचा पाव देतात. ड्यूटीवर काही घेऊ नये असा नियम आहे, म्हणून मी तो घरी नेऊन खातो.

१९ जानेवारी
बाई नाहीत. मुलीकडे व्हिक्टोरियाला गेल्या असणार. तिकडे जानेवारीत बर्फसुद्धा नसतो. शहाणी बाई. आयरीनला सांगितलं तर म्हणाली, तुला कुणी सांगितलं? सांगायला कशाला लागतं? सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे.

२१ जानेवारी, दुपारी २:१९
ग्रंथालय. मागच्या दारातून थँक यू. अगदी स्पष्ट. आरशात पाहिलं. दार उघडं, पायरीवर कुणी नाही, थंडी नुसती आत येतेय. बसमध्ये एकच गृहस्थ, तोही झोपलेला.
तक्रार लिहून दिली: मागचं दार आपोआप उघडतं, आवाजही येतो.

२३ जानेवारी
डेपोतल्या मेकॅनिकने दार तपासलं, तेल घातलं. म्हणाला, साहेब, दारं कुरकुरतात हे ऐकून होतो, आभार मानणारं पहिलंच. तीन जण हसले. मीही हसलो. खिलाडूपणा लागतो.
आज पुन्हा ऐकू आलं.

२७ जानेवारी
बस बदलून घेतली. त्या बसमध्येही तेच. म्हणजे या कंपनीच्या सगळ्याच दारांत दोष आहे. सविस्तर पत्र लिहायचं ठरवलं.
कानात कापूस घातला. उतरणाऱ्यांची घंटी ऐकू आली नाही आणि तीन प्रवासी पुढच्या थांब्यावर उतरले. पैकी एक बाई जे बोलली ते कापसातूनही ऐकू आलं.

३० जानेवारी
निश्चय: हिल्यार्डला लाँड्रीच्या दाराकडे बघायचं नाही.
बघितलं.

३ फेब्रुवारी
आता हिल्यार्डला एक मिनिट जादा थांबतो. ब्रेक गार पडलेले असतात, खबरदारी म्हणून. परवा दोन मिनिटं थांबलो. आज चार. रोजच्या प्रवाशांतली इस्पितळातली नर्स पुढे येऊन म्हणाली, अरे लेन, कुणाची वाट बघतोयस बाबा? आम्ही सगळे आतच बसलोय. मी ब्रेकचं सांगितलं. म्हणाली, आठ दिवस झाले, अजून ब्रेकच का?
दरवाजा उघडून लाँड्रीच्या दिशेने एकदा हाक मारली. फक्त एकदा.

९ फेब्रुवारी
हल्ली सकाळी हवामान बघायला पेपर घेतो. हवामान शेवटच्या पानावर असतं आणि शेजारीच निधनवार्ता. त्यामुळे त्याही वाचल्या जातात. आज एकाचं आडनाव तुओमी होतं. कॉफी सांडली. पुरुष होता.
आयरीन म्हणाली, इतकं आहे तर फोन कर ना त्या बाईला. नंबर नाही म्हटलं. दुपारपर्यंत तिने नंबर शोधून फ्रिजवर चिकटवला. कशाला फोन करायचा? बाई व्हिक्टोरियाला आहेत.
फ्रिज उघडताना आता तिकडे बघत नाही. दूध फ्रीझरमध्ये ठेवलं गेलं.

१६ फेब्रुवारी, फॅमिली डे
मला सुट्टी. रविवारचं वेळापत्रक असतं, ते कसं पाळतात ते बघावं म्हणून स्वतःच्या गाडीने हिल्यार्डला गेलो. उणे चोवीस. लाँड्रीच्या दारात उभा राहिलो. तिथून बस दोन चौक आधीपासून दिसते. म्हणजे बसमधूनही दार दिसत असणार. हे मला माहीत होतंच.
आठ नंबर आली. मी हात वर केला. पूर्ण नाही, अर्धाच. बस थांबली नाही. ड्रायव्हर नवा होता, सरळ पुढे बघत होता. पुढची बस एक तासाने. माझी गाडी दहा पावलांवर होती, तरी तिच्याकडे जाईपर्यंत इतकं एकटं वाटलं, की आत बसून हीटर लावून मी बराच वेळ रडलो. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं.

२० फेब्रुवारी
आमची सुपरवायझर डार्लीन, तिने बोलावलं. उशिराच्या एकोणीस तक्रारी. मी दाराचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि बसमधल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण लावलं. दोन एकोणीस, ग्रंथालय. मी थांबतो. मागच्या दाराचं बटण मीच दाबतो. कुणी उतरत नाही. मग माझेच ओठ हलतात आणि बारीक, चिरक्या आवाजात थँक यू. मग माझ्या नेहमीच्या आवाजात: सांभाळून जा हं, पायरीवर बर्फ आहे.
तिने आणखी तीन तारखा दाखवल्या. तिन्ही दिवशी तेच.
मी म्हटलं, तुमच्या कॅमेऱ्याचा आवाज मागेपुढे झालाय. ती म्हणाली, असेल. मग उठून खोलीचं दार लावलं आणि म्हणाली, लेन, तू माझ्यापेक्षा जुना माणूस. मी रागावले नाहीये रे. दोन आठवडे घरी जा, डॉक्टरला भेट. आणि काय झालंय ते कुणाला तरी सांग, मला नको सांगूस हवं तर.
सांगण्यासारखं काही नाही.

२४ फेब्रुवारी
आहे.
चौदा जानेवारीला मी बाईंना पाहिलं. निघाल्यावर नाही, निघण्याआधी. घड्याळात दोन वाजून सहा मिनिटं पन्नास सेकंद झाले होते. त्या दारातून खांबापर्यंत यायला त्यांना अर्धं मिनिट लागतं. माझा फलक गेला असता. म्हणून निघालो.
हे आयरीनला सांगितलं. तिने फ्रिजवरचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.
फोन लावला. वाजतो, कुणी उचलत नाही. वाजतोय म्हणजे चालू आहे, चालू आहे म्हणजे कुणीतरी बिल भरतंय, बिल भरतंय म्हणजे बाई जिवंत आहेत. दिवसभरात चौदा वेळा हे पटवून घेतलं.

२ मार्च, सकाळी १०
उचलला! स्वतः तुओमिनेनबाई! मी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसलो. त्या म्हणाल्या, कोण लेन? बसवाला लेन? अरे, तुला काय झालंय, तुझी बस म्हणे हल्ली वेळेवर येत नाही! परवापर्यंत व्हिक्टोरियाला होत्या. मुलीकडे. मी म्हटलंच होतं! अनुभव. दीड महिना मला नीट झोप नाही, आणि बाई तिकडे फुलझाडांना पाणी घालत होत्या. इतका हसलो की आयरीन धावत आली.

२ मार्च, सकाळी १०:२०
फोनचा उरलेला भाग लिहायचा राहिला. हसता हसता मी सगळं कबूल केलं. म्हटलं, चौदा जानेवारीला मी तुम्हाला लाँड्रीच्या दारात सोडून निघालो, उणे अडतीसमध्ये, माफ करा. त्या म्हणाल्या, मला कसा सोडशील? मी तर आदल्याच दिवशी व्हिक्टोरियाला गेले. मी म्हटलं, लाल हातमोजा होता. त्या म्हणाल्या, ते मीच विणते, दर थंडीत चाळीस जोड, लाँड्रीत टोपलीत ठेवते. ज्याच्याकडे नसतील त्याने घ्यावेत.
मग म्हणाल्या, लेन, मग तू कुणाला सोडून गेलास?

२ मार्च, दुपारी २
लाँड्रीत गेलो. मालक भला माणूस. कपड्यांच्या घड्या बाजूला ठेवून त्याने नीट ऐकलं. म्हणाला, चौकशी करू, थंडीत इथे बरेच जण येऊन बसतात, काही पुन्हा येतात, काही येत नाहीत. दिसायला कसं होतं ते माणूस, तेवढं सांगा.
बाई होती की पुरुष, म्हातारं होतं की तरुण, यातलं काहीच मला सांगता आलं नाही. मी घड्याळाकडे बघत होतो.