पालथी बादली

आई, तुला पत्र लिहायचं म्हणजे माझं मलाच हसू येतं. एका खोलीत राहणाऱ्या मायलेकी कशाला एकमेकींना पत्रं लिहितील! आणि लिहिलं असतं तरी वाचून मीच दाखवलं असतं, कारण तुला सहीपुरतंच लिहिता यायचं. बरं, आपण बोलतो तसं लिहायला गेलं की हात अडखळतो, म्हणून हे शाळेतल्या मराठीत उतरतंय. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "अवं माय, कोण्या साहेबाले लिहून राहिली वं?" तुलाच लिहितेय. या महिन्यात तुझी इतकी आठवण येतेय की कामावरून येऊन कुलूप काढताना तुला हाक मारायचं अगदी तोंडाशी येतं. तुझ्या बादलीची गोष्ट आमच्या हॉटेलात चारचौघांसमोर निघाली, हे मला तुला सांगायचंय, आणि ऐकायला तू नाहीस.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तू मला सदर भागातल्या तुझ्या कामाच्या हॉटेलात घेऊन जायचीस, घरी एकटी पोर कशी ठेवायची म्हणून. मला अजून दिसतं, मी चादरींच्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यांवर बसलेली आहे. कूलरचा ओला वास येतोय आणि दारातून लांबलचक व्हरांडा दिसतोय. एका खोलीच्या दाराशी लोखंडी बादली पालथी पडलेली आहे. तुझ्यासोबत खोल्या झाडणारी बाई येते, बादली बघते आणि आत न जाता मागे फिरते. तुला हाक मारते. मग तुम्ही दोघी जाता, दार सताड उघडं, एक आत झाडतेय आणि दुसरी उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी. मी तुला विचारलं होतं, बादली अशी काहून ठेवली? तू म्हणालीस, "पाणी निथळून राहिलं, दुसरं काय." मला ते पटलं. आपल्या मोहल्ल्यात सगळ्यांच्याच मोरीत बादल्या पालथ्या असायच्या, नाहीतर डास व्हायचे. म्हणून त्याच संध्याकाळी मोठी शहाणी होऊन मी आपली बादली पालथी घातली, आणि तू अशी काही ओरडलीस की शेजारीण डोकावून गेली. "माह्या घरात पालथी बादली नाही पाहिजे मले! सरळ कर ते!" मी रडले. काहीतरी अपशकुन असेल असं समजून पुढे कधी तिला हात लावला नाही.

खरं काय ते तू सांगितलंस मला नोकरी लागली तेव्हा. विमानतळाच्या बाजूचं नवं हॉटेल, मिहानमधल्या कंपन्यांचे पाहुणे उतरतात ते. तू एकटीच बर्डीच्या बाजारात जाऊन माझ्यासाठी चपला घेऊन आलीस, पट्ट्याच्या, जाड रबरी तळव्याच्या, दिसायला भयंकर. मी नाक मुरडलं. "फॅशन घरी करजो," तू म्हणालीस, "तिथं पळता आलं पाहिजे." आणि मग भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलंस. ज्या खोलीतला माणूस बरा नाही तिच्या दाराशी बादली पालथी. दिसली की एकटीनं जायचं नाही. साहेबाला सांगून उपयोग नाही, तो म्हणतो तूच हसली असशील. तोंडानं काही बोलायचं नाही. मी विचारलं, "मग घरची बादली?" तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "दिवसभर तेच पाहतो ना वं. घरी तरी नको."

आई, मी आता सुपरवायझर आहे. कमरेला वॉकीटॉकी असते, दोन मजल्यांवरच्या सगळ्या बायका माझ्या हाताखाली. तुझी रीत मी इथं आणली आणि मला तिचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू! कंपनीच्या कामासाठी दर महिन्याला येणारा एक पाहुणा होता. खाली रिसेप्शनवर एकदम सभ्य, सगळ्यांची विचारपूस करणारा. वर मात्र टॉवेल मागवायचा आणि दार उघडायचा तो कसा, ते तुला सांगायला नको. तो आला की त्याच्या दाराशी आमची निळी प्लॅस्टिकची बादली पालथी. बायका जोडीनं जायच्या, वेळ निभावून जायची. मग पारशिवनीकडची एक पोट्टी नवीन लागली. कामाला चपळ, आणि नीटनेटकी तर इतकी की वाकडी पडलेली पायपुसणीसुद्धा जाता जाता सरळ करणार. तिला बादलीचं अजून कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम माझं, आणि मी उद्या सांगू म्हणत राहिले. तिनं ती पालथी बादली बघितली, तिला वाटलं कोणी विसरून गेलं, म्हणून ती सरळ केली आणि उचलून आत नेली. खोलीत कोणी नव्हतं. बाथरूम धुवायला तिनं तीच बादली साबणाच्या पाण्यानं भरली. तेवढ्यात तो परत आला, दार लावून घेतलं आणि तिला मागून धरलं. तिनं कसाबसा हात सोडवून अख्खी बादली त्याच्या अंगावर ओतली आणि पळाली. एक चप्पल आतच राहिली.

आता गंमत बघ, पहिली तक्रार आली ती त्याची! सूट खराब झाला म्हणे. मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, मुलीला माफी मागायला लावा आणि उद्यापासून खाली लाँड्रीत टाका, तिच्याच भल्यासाठी. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी आधी तिच्याकडे गेले. ती चादरींच्या खोलीत बसली होती, कोपरापर्यंत ओली, एक पाय उघडा. मनात आलं, हिला पट्ट्याच्या चपला घेऊन द्याव्या. आणि मग माझाच मला राग आला, अजून किती पोरींना आपण पळायच्या चपला घेऊन देणार? मी तिच्याजवळ बसले आणि एवढंच विचारलं, तुले काय पाहिजे ते सांग, आपण तेच करू. तिनं ओले हात पुसले. मग म्हणाली, "ताई, मी काहून माफी मागू? अन् खाली मी काहून जाऊ? सगळ्यांनी मानलं पाहिजे का हे झालं. अन् मले माहा मजला पाहिजे." मी म्हटलं, बरं.

तुझ्या वेळी नव्हती अशी एक समिती आता प्रत्येक हॉटेलात असावी लागते, बायकांच्या तक्रारी ऐकायला. आमच्या समितीत बाहेरच्या एक वकीलबाई आहेत. पोरीनं तिथं तक्रार दिली आणि सगळं नीट सांगितलं. त्यावर मॅनेजर म्हणाला, हा माणूस इतकी वर्षं येतोय, आजपर्यंत एका बाईची तक्रार नाही. ती खाली मान घालून आपल्या नव्या चपलांकडे बघत बसली. मला दिसत होतं, आता हिचं कोणी खरं मानणार नाही, आणि उद्या ही लाँड्रीतही यायची नाही, सरळ गावची एसटी धरेल. आई, त्या वेळी मला तू हवी होतीस. नुसती दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली असतीस तरी पुरलं असतं. मी म्हटलं, "साहेब, तक्रार होती. दर महिन्याला होती. त्याच्या दाराशी ठेवलेली असायची." आणि बादलीची सगळी हकीकत सांगितली, तुझ्या हॉटेलापासून. वकीलबाईंनी विचारलं, बादली कोण ठेवायचं? मी म्हटलं, मीच. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मॅनेजर म्हणाला. हो म्हटलं. माहीत होतं, आणि मोठ्यानं बोललो नाही, ही चूक आमची. पण पोरीची नाही.

मग वकीलबाईंनी बाहेर बसलेल्या आमच्या मजल्यांवरच्या बायकांना आत बोलावलं. आमची सगळ्यात जुनी बाई, जी चहाच्या वेळीसुद्धा कोणाशी बोलत नाही, ती आली आणि खुर्चीवर बसलीच नाही. उभ्यानंच म्हणाली, "मी बी ठेवली बादली. त्यानं माहाही हात धरला होता. मले कोणी विचारलंच नाही आजवर." तिच्यानंतर दुसरी, मग तिसरी. मॅनेजर नुसता पाण्याचा ग्लास फिरवत बसला होता.

त्या माणसाला आता आमच्या हॉटेलाचं दार बंद आहे. पोरीसोबत मी पोलीस ठाण्यात गेले. बोलली सगळं तीच, मी आपली तिची पाण्याची बाटली धरून बसले होते. केस चालेल तशी चालेल. पण ती तिच्या मजल्यावर आहे. परवा तिनं वॉकीटॉकीवर खणखणीत आवाजात सांगितलं, "ताई, या खोलीतला माणूस बरा नाही, मी एकटी जात नाही." रिसेप्शनपासून मॅनेजरपर्यंत अख्ख्या हॉटेलानं ऐकलं. मी जागच्या जागी उभी राहून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, बावळटासारखं.

रागावू नकोस, तुझी रीत मी मोडली. तिनं तुम्हाला सांभाळलं, मलाही सांभाळलं, हे मी विसरत नाही. पण आता राहून राहून एकच मनात येतं. तुमच्या व्हरांड्यातली पहिली बादली कोणी पालथी घातली होती? तूच का? त्याआधी तू कोणत्या खोलीत एकटी गेली होतीस? बाहेर आल्यावर, तुले काय पाहिजे, असं तुला कोणी विचारलं का? मी तर कधीच विचारलं नाही. तू आजारी होतीस तेव्हा तुझे पाय चेपत मी तासन्‌तास बसायची, दुनियेच्या गप्पा मारायची, आणि हे राहूनच गेलं. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "जाऊ दे ना वं." पण मग मी जाऊ दिलं नसतं. तुझ्या कुशीत शिरून तिथंच बसून राहिले असते.

हे पत्र घडी करून तुझ्या लुगड्यांत ठेवीन, दुसरीकडे कुठं टाकणार! काल कपडे धुऊन झाल्यावर मी मोरीतली बादली पालथी घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आता ती नुसती बादली आहे, आणि डासही फार झालेत. पण एक कबूल करते, कोणाला सांगू नकोस. घातल्यावर मी लगेच उठले नाही. तिथंच ओल्या फरशीवर कान देऊन बसून राहिले, तू ओरडशील म्हणून.