उजवे दगड डावीकडे

ती. ताईंना,

वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतात तितकंच वाकून).

ऑपरेशननंतर तुम्हाला स्वच्छ दिसायला लागलं असं कळलं, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढत नाही. पत्रात आधी समोरच्याची प्रकृती विचारावी आणि मग आपलं रडगाणं लावावं, हे मला कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं. मराठी पत्र लिहायला मात्र तुम्ही शिकवलंत. (लग्नानंतरचं माझं पहिलं पत्र तुम्ही लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवलं होतंत, ते मी अजून जपून ठेवलंय.) आज ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा काणाडोळा करा. माझा उजवा खांदा आखडलाय, आणि पुढचं सगळं पुराण त्या खांद्याचंच आहे.

तुमच्या भावाची ती समुद्राच्या पाण्याची टाकी तुम्हाला माहीतच आहे. बाहेरच्या खोलीत माणसांनी बसायच्या जागेवर ती बसते आणि माणसं दाराशी स्टुलावर. आत दगडांचा डोंगर आणि डोंगरावर प्रवाळं. (तुम्ही त्यांना अजून शेवाळं म्हणता. ते प्राणी आहेत, आणि तुमचे बंधू ऐकत असतात.) गेल्या वर्षी त्यांच्या हाताला कंप सुटला तेव्हापासून त्यांनी पाण्यात हात घातलेला नाही, नुसते खुर्चीत बसून बघतात. त्यात टाकीतल्या एका बोटभर माशाने (चेहऱ्याने गरीब, पण धंदा बिळं खणण्याचा) डोंगराखालची वाळू तोंडाने उपसून उपसून एके सकाळी अख्खा डोंगर काचेला टेकवला. तेव्हा हे अगदी शांतपणे म्हणाले की आता पुरे, देऊन टाकू. तुम्हीही तत्परतेने तुमच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांना गाठलंत आणि पुढच्या शनिवारी ते टाकी न्यायला येणार असं ठरलं. मी हो म्हटलं. फक्त एवढंच म्हटलं की द्यायची तर नीट उभी करून देऊ.

मग ह्यांनी नकाशा काढला, दगडादगडावर 'उजवा', 'डावा' लिहून. जन्मभर नाटकांचे सेट उभे केलेला माणूस, नकाशाशिवाय खिळा मारत नाही. कंपामुळे रेघा थरथरल्या होत्या. मला वाटलं दगडांच्या कडाच तशा हव्यात, म्हणून नागमोडी कडेचे दगड शोधण्यात माझा अर्धा तास गेला. प्रवाळं टाकीच्याच पाण्याने भरलेल्या दोन टबांत न्हाणीघरात ठेवली, पाणी गार पडू नये म्हणून हीटर, श्वास कोंडू नये म्हणून बुडबुड्यांचं यंत्र, आणि दोन्हींवर देखरेखीला थर्मामीटर घेऊन तुमचे बंधू. दर दहा मिनिटांनी आतून आकडा ऐकू यायचा आणि त्याला जोडून नायिकेची तब्येत. नायिका म्हणजे ते पोपटी, लांब बोटांचं प्रवाळ. ते त्यांनी सगळ्यात आधी आणलं आणि ते उमलायला फार वेळ लावतं, म्हणून हे नाव. ह्या वेळी दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवले आणि वाळू मागून घातली (आता खण म्हणावं). पाण्यातसुद्धा घट्ट होणारी दोन रंगांची पुट्टी कणकेसारखी मळून सांधे पक्के केले. प्रवाळंही पुट्टीनेच ज्याच्या त्याच्या कपारीत बसवली. पाणी इतकं गढूळलं होतं की शेवटी हात चाचपून चालले होते, पण नकाशा मला पाठ झाला होता.

सकाळी पाणी निवळलं. हे समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, उजवा म्हणजे नटाचा उजवा."

ताई, रंगमंचावर उजवी बाजू नटाची धरतात, प्रेक्षकाची नाही. मी अख्खा डोंगर प्रेक्षकांत बसून बांधला होता. पाण्याच्या झोतापासून दूर, मोठ्या दगडाआड नायिकेची कपार हवी होती, ती नेमकी झोत सोडणाऱ्या पंपासमोर आली. पुट्टी एव्हाना दगडाहून दगड झाली होती. नायिकेने बोटं मिटून घेतली. दुसरा दिवस मिटलेली, तिसरा दिवस मिटलेली. ही गेली तर डॉक्टरांनी शनिवारपर्यंतसुद्धा थांबू नये, असं हे म्हणाले आणि खुर्ची खिडकीकडे फिरवून बसले. सबंध संसारात त्यांनी टाकीकडे पाठ केलेली मी पहिल्यांदा पाहिली. (माझ्याकडे बरेचदा केली आहे, त्याचं काही वाटत नाही.)

मी म्हटलं, दगड हलत नाहीत तर पंप हलवू. पण खांदा वर जाईना, म्हणजे हात त्यांनाच घालावा लागणार. वीज बंद केली. त्यांनी बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. पंप काचेवरून सोडवून दुसऱ्या टोकाला चिकटवायचा, एवढंच काम, त्याला वीस मिनिटं लागली. दोनदा पंप हातातून सुटला. मी त्यांचं कोपर धरलं नाही. सिस्टरांपुढे उभी राहायचे तशी हात मागे बांधून उभी राहिले. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

आज सकाळी नायिका उमलली, सगळ्या बोटांनी. हे चहा विसरून तिच्यासमोर बसलेत. मी मात्र देवाशपथ सांगते, ह्या जन्मी पुन्हा त्या दगडांना हात लावणार नाही.

तब्येतीला जपा, डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. पत्र खरं एवढ्यासाठीच लिहायला घेतलं. त्या डॉक्टरांना शनिवारी येऊ नका म्हणून कळवाल का? मला तोंड नाही, कारण टाकी गेली की मी सुटले, असं मीच त्यांना फोनवर सांगून बसलेय.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी तुमचे बंधू नवा नकाशा घेऊन आले. उलटा सेट घरात ठेवून झोप लागायची नाही म्हणतात. शनिवारी छिन्नी लावून सांधे उखडायचे आणि सगळं पुन्हा बांधायचं. तेव्हा डॉक्टरांना येऊच द्या. दगड उखडायचं काम दातांच्या माणसाला जमेल, आणि टाकी उचलायला ते दोन गडी आणणार होते, तेही येऊ देत. टाकी मिळणार नाही हे मात्र तुम्ही सांगू नका. त्यांनी बाह्या वर केल्या की मी सांगेन.