अडेनियमची कुंडी

बाई, तुम्हांला पत्र लिहिण्याचा आगाऊपणा करते आहे, त्याची क्षमा असावी. पुढच्या मजकुराची क्षमा मात्र मी मागणार नाही.

सातवीत पहिली आले, तेव्हा तुम्ही मला अडेनियमची कुंडी दिलीत. पहिल्या येणाऱ्या मुलीला आपल्या गच्चीवरचे रोप द्यायचे, हा तुमचा रिवाज. सोलापूरच्या उन्हात पाण्यावाचून फुलणारे झाड; तशाच व्हा, असे तुम्ही म्हणायचात. ती कुंडी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि आमच्या मांजरीने तिची कोवळी पाने चावली. आई भाकरी थापते आहे, मांजर तिच्या पायाशी ओकते आहे, तोंडातून लाळ गळते आहे. संध्याकाळपर्यंत मांजरी गेली.

वर्गात कधी हात वर न करणारी मी, चावलेले पान घेऊन तुमच्यापुढे उभी राहिले.

"बाई, ह्याच्या चिकात विष असतं का?"

तुम्ही पानाकडे पाहिलेही नाहीत. "मुकं जनावर विषाला तोंड लावत नसतं. शिळंपाकं काय घातलं होतंत, ते आईला विचार."

वर्ग हसला. आणि मी खरोखरच आईला विचारले, कारण तुम्ही सांगितले होते. सकाळी तिने रात्रीच्या दुधात भाकरी कुस्करून घातली होती. त्यानंतर तिने दारात आलेल्या एकाही मांजराला घास घातला नाही. "माझ्या हाताला यश न्हाय," एवढेच म्हणते.

पुढे मी पशुवैद्यक शिकले. अडेनियमचा चीक कण्हेरीसारखाच मांजराचे हृदय बंद पाडतो, हे वाचले तेव्हा मला रडू आले नाही. तुमचा चेहरा आठवला. तुम्हांला जाऊन तोवर बरीच वर्षे झाली होती.

शाळेने तुमचा रिवाज तुमच्या स्मृतिदिनी चालू ठेवला आहे. यंदा कुंडी द्यायला मला बोलावले. हार घातलेल्या तुमच्या तसबिरीखाली उभी राहून मी म्हणाले, "घरी मांजर असेल त्यांनी हे झाड नेऊ नये, त्याने मांजर मरते. मी बाईंना विचारले होते. त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी माझ्या आईला दोष दिला."

पहिली आलेली मुलगी कुंडी परत माझ्या हातात देत म्हणाली, "नको ताई, आमच्यात दोन बोकं हायत की!"

सभागृह हसले. ते हसू शेवटपर्यंत ऐकले मी. मुख्याध्यापक पुटपुटले, "अहो, मागं फोटो तरी बघा की." बघितला.

घरी येऊन आईला सारे सांगितले, पुस्तकातले पान वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"गेलेल्या माणसाला असं बोलू न्हाय. अन् बाई काय उगंच बोलतील व्हय? दूध रात्रीचंच होतं की."

हे पत्र कुठेही जाणार नाही, बाई. सभागृहात मला वाटले, मी जिंकले. कबूल करते, आमच्या स्वयंपाकघरात अजून तुमचाच शब्द चालतो.