भिंतीवरची शर्मिष्ठा

तो फोटो अजून माझा भाऊ प्रफुल्ल याच्या शंकर नगरच्या बैठकीत टांगलेलाच आहे. उतरव म्हणून सांगून सांगून तोंड दुखलं. एकदा म्हणाला विसरलो, एकदा म्हणाला पाहुणे आहेत, आणि त्याची बायको अपर्णा तर फोनच उचलत नाही. आता कागदावर लिहून देते, म्हणजे विसरायची सोय राहणार नाही.

मी वनमाला, कै. एलियास म्वाम्बा यांची विधवा, माहेरची रामटेके, वय एकोणपन्नास, राहणार उरला, रायपूर, धंदा खानावळीचा, शिक्षण चौथी. डोकं ठिकाणावर आहे. बिघाड पोटात आहे, त्याचं अठरा तारखेला ऑपरेशन आहे. मला कोणी दम दिला नाही, कोणी लाडीगोडी लावली नाही. चारुदत्त वकीलसाहेबांनी मसुदा टाईप करून दिला होता. त्यात माझी पोरगी एका ओळीत आटोपली होती, म्हणून हा मी हाताने लिहिला आहे. आधीचं कोणतं मृत्युपत्र नाही.

१. उरल्याचं घर, खाली खानावळ, वर दोन खोल्या, माझ्या कमाईचं आहे. ते माझी मुलगी शर्मिष्ठा, वय दहा, हिचं. ती अठराची होईपर्यंत कोणी विकू नये, गहाण ठेवू नये, "पोरीच्या भल्यासाठी" म्हणून तर मुळीच नाही. बँकेत आहे तेही तिचंच.

२. खानावळीची भांडी, भट्टी आणि गिऱ्हाईक मंदाकिनीला. ती माझ्यासोबत पोळ्या लाटत आली आहे आणि माझ्या शिव्या खात आली आहे. शिव्यांचा मोबदला समजावा.

३. एलियासची पान्ह्यांची पेटी शर्मिष्ठाला. तो टांझानियाहून इथे शिकायला आला, मग रोलिंग मिलमध्ये लागला आणि माझ्याकडे जेवायला येऊ लागला. मला काळी म्हणून पाहून गेलेली स्थळं परत फिरली होती. हा म्हणाला, तुझ्या हातचा ठेचा आमच्या घरच्यापेक्षा तिखट आहे, लग्न करशील का? कोर्टात केलं. दुकानदार विचारायचे, "कहाँ के हो भैया?" तो छत्तीसगढीत म्हणायचा, "उरला के हंव," म्हणजे उरल्याचाच. तीन वर्षांपूर्वी ट्रकने नेला. पेटी भंगारात घालू नये.

४. माझी कानातली भाची मीनल हिला. ती प्रफुल्लची मुलगी. तिच्या लग्नात फोटोच्या वेळी शर्मिष्ठा मागे सरकली, तर नवरीने स्वतः हात धरून पुढे ओढली, म्हणाली, "इकडे ये नं वं, माझ्याजवळ." त्या हाताला ही कानातली. तिच्या आईला त्यातलं काही नाही.

५. आता तो फोटो. शर्मिष्ठा बाळ होती तेव्हा मी तिच्या गालावर काजळाची तीट लावत होते, तर अपर्णा म्हणाली, "ताई, हिले तीट काहाले? दिसन तरी का?" सगळे हसले. प्रफुल्लही हसला. मी तीट लावली. नजर रंग पाहून लागत नाही. मीनलच्या लग्नातही लावली. पोरगी गुलाबी घागऱ्यात अशी दिसत होती की मलाच भीती वाटली.

मग अपर्णाने फोटोवाल्याला सांगून त्या लग्नातल्या फोटोत सगळ्यांचे चेहरे उजळ करून घेतले, शर्मिष्ठाचा सगळ्यांत जास्त. पिठात बुडवून काढल्यासारखा. पोरगी फ्रेमसमोर उभी राहून विचारते, "मम्मी, मैं किधर हूँ?" घागरा तिचा, बांगड्या तिच्या, चेहरा भलतीचाच. आणि त्या पांढऱ्या गालावर माझी तीट डागासारखी उठून आलेली. अपर्णा हसून म्हणाली, "पाहा ताई, आता दिसून राहिली नं तीट!"

प्रफुल्लने चहाचा कप उचलला.

तेव्हापासून पोरगी उन्हात खेळत नाही. बेसन चोळून चोळून तिने गाल सोलून घेतले.

६. जो कोणी तिला सांभाळेल त्याने हे पाळावं. तिने रंगाबद्दल विचारलं तर विषय बदलू नये. "तू कुठे काळी आहेस" असं खोटं बोलू नये. "रंगात काय ठेवलं आहे" असंही म्हणू नये, रस्त्यावरचे लोक तिला रोज दाखवतात काय ठेवलं आहे ते. सांगावं की रंग बापाचा आहे, हनुवटी आईची आहे, आणि दोन्ही तुझेच आहेत. शाळेत कोणी चिडवलं तर "लक्ष नको देऊ" म्हणू नये, चपला घालून शाळेत जावं. केस ओले असताना मोठ्या दातांच्या फणीने टोकापासून विंचरावे. हे मला तिच्या आत्याने टांझानियाहून फोनवर दाखवलं. सरळ करायला पार्लरमध्ये नेऊ नये.

७. पालक म्हणून पहिला हक्क प्रफुल्लचा. रक्ताचा मामा आहे, आणि पोरगी त्याच्या स्कूटरचा आवाज ओळखून पळत सुटते. पण मी तिला म्हटलं, मले काही झालं तर तू मामाकडे राहशील. ती म्हणाली, "मामा के घर में वो दीवारवाली रहेगी कि मैं?" म्हणून अट अशी: अपर्णाने स्वतःच्या हाताने तो फोटो उतरवावा आणि जसा काढला तसा फोटो शर्मिष्ठासमोर टांगावा. असं झालं नाही तर पालक मंदाकिनी. तिला विचारलं, ती म्हणाली, "हव दीदी," आणि पोळी उलटली.

ठिकाण उरला, रायपूर. दिनांक २ नोव्हेंबर २०२५. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: वनमाला म्वाम्बा
साक्षीदार: गुलाबराव खोब्रागडे, निवृत्त रेल्वे कर्मचारी, उरला
साक्षीदार: निरंजन साहू, किराणा दुकानदार, उरला

सहीच्या खाली काही लिहू नये असं वकीलसाहेब म्हणतात. लिहिते.

प्रफुल्ल, याची नक्कल तुझ्या हातात देऊन राहिले. मला तो फोटो पाहिजे ज्यात तीट फक्त मलाच सापडते. रविवारी, सोळा तारखेला, पोरीला घेऊन तुझ्याकडे येते. फोन करू नको, समजावू नको. भिंतीवर कोण आहे ते दाराशीच दिसेल. त्या दिवशी सांग, तुझ्या घरात कोण राहील?