मल्टिमीटर मीच निवडणार

२६ सप्टेंबर, सकाळ
मरगदमला इडलीचं पीठ वाटायच्या वेट ग्राइंडरने पुन्हा झटका दिला. ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती. म्हणाली, अहो, दुरैसामी इलेक्ट्रिशियनला बोलवा. लेक-जावयाची पहिली दिवाळी आपल्याकडे, जावयाला विकतच्या पिठाची इडली वाढू का? कोइमतूरभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी म्हणालो, घरात मी असताना दुरैसामी कशाला? मिलच्या टाइम ऑफिसात सगळी नोकरी विजेच्या घड्याळाशेजारी काढलीय. निश्चय: मल्टिमीटर घ्यायचा. आधी मोजायचं, मग बोलायचं.

२७ सप्टेंबर
प्राथमिक तपासणी. लाकडी पाटावर उभं राहून ग्राइंडरला हात लावला. काहीही नाही. बहुतेक तिच्या मनाचा खेळ. तसं सांगितलं. म्हणाली, पाटावरून खाली उतरा आणि मग लावा. कॉफी निवत होती म्हणून राहून गेलं.

३० सप्टेंबर
अभ्यास जोरात. मोबाइलवर मल्टिमीटरचे व्हिडिओ पाहून डोळे लाल. घरच्या विजेला साधा, चांगल्या इन्सुलेशनचा मीटर पुरे, असं सगळे एकमुखाने सांगतात. म्हणजे तो सर्वसामान्यांसाठी. जावई पंपाच्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्याच्यासमोर साधा मीटर काढायचा म्हणजे शोभा.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
गांधीपुरमला दुकानाशी पोचलो तर राहुकाळ लागलेला. विजेच्या वस्तूची खरेदी आणि राहुकाळात? समोर कॉफी घेत थांबलो. मिलमधला जुना दोस्त भेटला. गप्पा संपेपर्यंत दुकानदार जेवायला गेला. मीही घरी जेवायला आलो. मरगदम चक्क खुशीत होती. घाई नको, सावकाश निवडा म्हणाली.

६ ऑक्टोबर
मरगदम झटक्याबद्दल बोलायची थांबलीय. मी काम हातात घेतल्यामुळे तिला धीर आला असणार. बायकांना आधार लागतो.

९ ऑक्टोबर
घेतला. दुकानदाराने विचारलं, काय मोजायचंय? मी म्हणालो, सगळं. तो म्हणाला, अण्णा, घरासाठी हा छोटा न्या, याला चुकीचं भोकच नाही. मला काय समजतो हा? वायरी लावायला चार भोकं असलेला, तापमानसुद्धा दाखवणारा मोठा मीटर उचलला. घरी येऊन खोलीचं तापमान मोजलं. उकडत होतं. मीटरनेही तेच सांगितलं. अचूक यंत्र.

११ ऑक्टोबर, आयुध पूजा
आज हत्यारांना हात लावायचा नसतो, नाहीतर ग्राइंडर आजच निकालात काढला असता. मरगदमने विळी, शिलाई मशीन, माझी स्कूटर, सगळ्यांना चंदन-कुंकू लावलं. मीटरला जरा जास्तच. मन आज अगदी स्थिर आहे.

१२ ऑक्टोबर, विजयादशमी
काम सुरू करायला याहून चांगला दिवस नाही. कुठल्या भोकाला काय, ते मीटरवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ती अक्षरं नेमकी चंदनाखाली. पूजेचं चंदन दुसऱ्याच सकाळी पुसायचं कसं? अंदाजाने लाल वायर कडेच्या भोकात खुपसली आणि दोन्ही टोकं स्वयंपाकघरातल्या प्लगात घातली.

मोठा आवाज झाला. घरभर अंधार, भिंतीवर काळा डाग, मिशीला थोडी झळ. मरगदमने आधी माझे हात उलटेपालटे करून पाहिले, मग कपाळाला हात लावला. मीटर बंद पडलाय. निष्कर्ष: करंट भरपूर आहे.

१४ ऑक्टोबर
ग्राइंडरला अनवाणी हात लावला. झटका गायब! म्हणजे गळणारी वीज त्या आवाजाबरोबर बाहेर निघून गेली. दुरैसामीला हे सुचलं असतं का?

३१ ऑक्टोबर, दीपावळी, दुपार
पहाटे तेल लावून आंघोळी झाल्या. नाश्त्याला इडली. जावई कदिरवेल म्हणाला, मामा, अत्तै (म्हणजे मरगदम) सांगत होत्या, ग्राइंडर तुम्ही बघितलात. काय झालं होतं? मी सविस्तर सांगायला घेतलं. वीज कशी साठते, कशी बाहेर घालवायची, वगैरे. तो मान खाली घालून ऐकत होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या तेनमोळीचं हसू ऐकू आलं. मरगदम तिला सांगत होती, अगं, तुझे अप्पा राहुकाळ संपायची वाट बघत बसले होते ना, तेव्हाच दुरैसामी येऊन गेला. अर्थिंगची वायर सुटलेली, त्याने जोडली. तेनमोळीने विचारलं, मग अप्पांना सांगितलं का नाहीस? मरगदम म्हणाली, सांगितलं असतं तर माझा फ्रिज दुरुस्त करायला घेतला असता. ते मीटरमध्ये गुंतले म्हणून तर तो वाचला.

कदिरवेलनेही ऐकलं. मला लाज वाटली, अगदी कान गरम झाले. त्याने चटणी उगाच ढवळली आणि हळूच म्हणाला, मामा, मला तर घरी मिक्सरचं झाकणसुद्धा काढायची बंदी आहे. तुमच्या मुलीने घातलीय.

मग आम्ही दोघांनी आणखी दोन-दोन इडल्या मागितल्या. फार मऊ झाल्या होत्या.