मागच्या सीटवरचा उकाडा

औसा,
१४ मे २०१८

प्रिय वैष्णवी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. जावईबापूंचा खोकला गेला का? घरात फोन असताना आई पत्र काय लिहीत बसली, म्हणून हसशील. हस. फोनवर तू मला धड एक वाक्य पुरं करू देत नाहीस, वर्गातल्या पोरांसारखं गप्प करतेस. कागदावर तुझं काही चालणार नाही.

काल श्रीनाथबरोबर लातूरला गेले होते. त्याच्या गाडीचा एसी गार होईना. मागच्या उन्हाळ्यात गॅस भरून घेतला होता, यंदा पुन्हा तेच रडगाणं. तुझा हट्ट की तुझ्या मृण्मयीच्या शिक्षणासाठी मी दोन वर्षं तिच्याजवळ लातूरला राहावं, आणि तुझ्या भावाचा हट्ट की आई जाईल ती गारव्यात बसून जाईल. मला विचारतंय कोण!

लातुरात आधी मृण्मयीला हॉस्टेलवरून घेतलं. पोरगी वाळली गं. तुला ती सांगायची नाही, पण मेसचं जेवण तिच्या घशाखाली उतरत नाही. मी नेलेली धपाटी तिनं गाडीतच संपवली आणि बोटं चाटत बसली.

तिथेच औसा रोडला रविकांत म्हणून श्रीनाथच्या ओळखीचा मिस्त्री आहे. त्यानं घड्याळासारखा काटा असलेली नळी लावली आणि म्हणाला, “गॅस असाच न्हाई संपत, दादा. कुठून तरी जायलाय. नुसता भरून दिला तर पुढच्या साली पुन्हा याल.” मग त्यानं पाइपांमध्ये दाब भरला आणि ब्रशानं सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावत बसला. पुढच्या जाळीजवळ एका सांध्यावर तेलकट धूळ साचली होती, तिथेच बारीक बुडबुडे यायला लागले. मृण्मयी टाळ्या पिटत होती. आतली रबराची रिंग कडक होऊन चिरली होती. ती बदलली, मशीन लावून आतली हवा ओढून काढली, काटा जागचा हलत नाही ना ते पाहिलं आणि मगच नवा गॅस भरला.

निघालो. पुढे बसलेली मृण्मयी म्हणाली, मामा, थंडी वाजतेय. श्रीनाथनं मला विचारलं, मागे गार लागतंय का? मी म्हटलं, नाही रे, पण राहू दे. राहू देणाऱ्यातला आहे का तो! पाठीमागे हात करून बघितला, तर खरंच गरम. गाडी परत वळवली.

रविकांतनं पुन्हा फेस लावला. गळती नाही. पुढे गार हवा येते त्या झडपेत थर्मामीटर धरला, तोही ठीक. बिचारा डोकं खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, “आता डॅशबोर्ड खोलून आतली कॉइल बघावी लागंल. गाडी ठेवून जा.” एवढी गाडी खोलायला निघाले, आणि मी ढिम्म.

मृण्मयी मागे माझ्याजवळ येऊन बसली. खिडकीवर ओढून धरलेला माझा पदर हळूच उचलला. खिडकीची काच दोन बोटं खाली होती. गाडीत बसले की मी ती खाली घेते, उतरताना वर करते. कोणाच्या लक्षात येत नाही.

“आजी, हे काय करून राहिलीस?” तिनं कानाशी विचारलं. “बंद गाडीत तुला भीती वाटते?”

मी हो म्हटलं. तिला सांगितलं ते आता तुला सांगते. भूकंपात गाव पडलं त्या पहाटे तू नांदेडला मावशीकडे होतीस. बाबा झोपेतच गेले, एवढंच तुला माहीत आहे. तसं नव्हतं. मी आणि श्रीनाथ कोसळलेल्या माळवदाखाली, छपराच्या मातीत, दुपारपर्यंत होतो. तुळई आडवी पडली म्हणून वाचलो. एका फटीतून वारा येत होता, लेकराचं तोंड मी तिकडे धरून ठेवलं होतं. मातीच्या ढिगापलीकडे तुझे बाबा होते. आधी धीर देत होते. मग नुसतं विचारायचे, “विमल, हवा येते का गं?” मी म्हणायची, येते. नंतर विचारेनासे झाले.

श्रीनाथ गाडीच्या दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याला यातलं काही आठवत नाही असं तो आजवर म्हणत आला. काल म्हणाला, “आई, मला आठवतं.” मग नळावर तोंड धूत बराच वेळ उभा राहिला. रविकांतला त्यानं एवढंच सांगितलं की काही खोलू नका, गाडी चांगली झाली आहे.

तर बाळा, तू लातूरला ठरवलेली तिसऱ्या मजल्यावरची ती खोली नको. माझे गुडघे ठणठणीत आहेत, माहूरचा गड चढून येईन. लोणचं घालायचंय, तुळशीला पाणी कोण घालेल, ही सगळी कारणं खोटी. मला स्लॅबखाली झोप लागत नाही. इथे अंगणात पत्र्याखाली झोपते, तेही उकाड्यामुळे नाही. मृण्मयीनं हे सारं ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाली, खाली अंगण असलेलं घर बघू, तू बाहेर खाट टाक, मी आत दार उघडं ठेवून वाचत बसते. तसं घर मिळालं की मी येते. तिला गरम जेवण माझ्या हातचंच मिळेल.

हे वाचून फोन करशील. माझी समजूत घालू नकोस, डॉक्टरचं नाव सुचवू नकोस. बाबांविषयी विचार. इतकी वर्षं तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आता सांगेन म्हणते.

तुझी घाबरट,
आई