काळा दगड, एक नग

१४ ऑगस्ट २०२५, गुरुवार

दगड अडकवला! अडतीस वर्षं पोस्टात काढली, लोकांची पार्सलं अडकवली, आज माझंच अडकलं.

सकाळी शारजाहून उतरलो. नाहीदनं, आमच्या पोरीनं, बांधून दिलेले खजूर-बदाम, नातवाचे फोटो, सगळं सरळ निघालं. पण विमानतळावर कस्टमच्या मशीनमधे बॅग गेली आणि पडद्यावर एक काळा गोळा दिसला. बॅग उघडली. मोज्यात दगड.

"हे काय आहे?"

"दगड."

"कशासाठी?"

"पेपरवेट आहे जी."

"शारजाहून आणलात?"

"नाही. इथूनच नेला होता. परत आणला."

झालं! चला बाजूला. माझ्या मागचा टिळेवाला गृहस्थ तीन मोबाईलचे डबे काखेत मारून शिट्टी वाजवत निघून गेला. दाढी आणि दगड ही जोडी काही त्यांच्या पसंतीस उतरली नाही.

खोलीत दोघं. एक केतकी मॅडम, छातीवर नाव होतं, नाहीदपेक्षाही लहान, बोलणं पुण्याकडचं. दुसरे मोठे साहेब. ते बोलत नव्हते, चष्म्यावरून नुसते पाहत होते.

मॅडमनं माझ्या कपाळाकडे पाहिलं. "हा व्रण कसला, काका?"

"दगड लागला होता."

"कुठला?"

"हाच."

तिचा पेन थांबला. "कोणी मारला?"

"सावरगावच्या देवीदासनं. दोस्त आहे माझा."

"भांडण झालं होतं?"

"नाही जी. मेळा होता."

"तुम्हीही मारले?"

"मारले ना. दरवर्षी मारायचो."

"दगडफेक?" मोठ्या साहेबांना वाचा फुटली.

"हो."

"पोलीस नव्हते?"

"होते की! शेकड्यानं. ॲम्ब्युलन्सही असते. कलेक्टरसाहेब मंचावर बसतात."

खरं बोलण्यात एवढी मजा असते हे मला पासष्टीत कळलं!

एक शब्द खोटा नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्याचे आणि नदीपलीकडच्या सावरगावचे लोक जाम नदीत पळस रोवतात आणि त्यावरच्या झेंड्यासाठी एकमेकांवर दगड फेकतात. गोटमार म्हणतात. मी नीट समजावलं. मग ती जुनी गोष्टही सांगितली — पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली, नदीत दोघांवर दगड पडले, त्यावरून हे सुरू झालं. ती सांगायला नको होती.

"तुमची मिसेस कुठली?" मोठे साहेब.

"सावरगावची."

त्यांनी चष्माच काढला.

"पळवली नाही साहेब. वाजतगाजत आणली. काझींनी निकाह लावला."

"ओळख कशी झाली?"

"मी नवा पोस्टमन, हा व्रणही नव्हता तेव्हा. त्यांची गल्ली माझ्याकडे होती. पत्र नसलं तरी तिच्या दारापुढे घंटी वाजवायचो."

मॅडमला हसू आलं. तिनं ते खोकल्यात लपवलं.

नंतर कळलं, त्यांना शंका वेगळीच होती. सोन्याला काळा रंग मारून आणतात म्हणे. दगड नाजूक काट्यावर तोलला. एकशे नव्वद ग्रॅम. कानशीनं घासला. आतूनही काळा. तरी परीक्षा सराफानंच करायची, आणि सराफ सुटीवर. उद्या पंधरा ऑगस्ट, मग जन्माष्टमी, मग रविवार.

फॉर्मवर किमतीचा रकाना होता. मी कपाळावर बोट ठेवून म्हटलं, "सात टाके." "रुपयांत सांगा काका." शून्य लिहिलं.

मधे एकदा मॅडमनं माझा पासपोर्ट ड्रॉवरमधे टाकला. तेव्हा मात्र सगळी मजा उतरली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. घाबरलो होतो, इथे लिहायला काय हरकत आहे?

"लेखी द्या," म्हणाले. दिलं! मराठीत, तीन पानं, पोस्टाच्या अक्षरात. खाली सही — वरील मजकूर खरा आहे. मग खुर्चीतून उठलोच नाही. दगडाची पावती द्या आणि जबाबाची नक्कल द्या. पावतीशिवाय मी कधी कुणाची वस्तू ठेवून घेतली नाही आणि देणारही नाही. अर्धा तास बसलो. दोन्ही मिळालं. पासपोर्टही.

पावतीवर लिहिलं आहे — काळा दगड, एक नग.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गेलो. शेजारचा मोरेश्वर, कापसाचा व्यापारी, लाडू खात म्हणाला, "मास्तर, तिकून काय आणलं मंग?"

"पावती."

सगळं सांगितलं. पोट धरून हसला. मग म्हणाला, "मी अख्खी जाम नदी नेली असती तरी मले कोणी इचारलं नसतं." आणि उरलेला लाडू खिशात टाकला. तो बरोबर बोलला होता आणि त्याला ते आवडलं नव्हतं.

राग आज आला. काल वेळ नव्हता.

दगडाचं एवढं काय, असं लोक विचारतील. १९८३च्या गोटमारीत तो माझ्या कपाळावर बसला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक अनोळखी पोरगा संत्री घेऊन आला. "माह्या हातचा होता भाऊ. माफ करजो." तो देवीदास. तिथून जी दोस्ती लागली ती आजपर्यंत. दगड मी पुसून पोस्टातल्या टेबलावर ठेवला, रिटायर होईपर्यंत मनिऑर्डरी दाबून धरल्या त्यानं.

आता देवीदास शारजाला पोराकडे आहे, डायलिसिसवर. परत येणं काही दिसत नाही. मी गंमत म्हणून दगड घेऊन गेलो — घे बाबा, तुझी वस्तू पोचती केली! सोबत जैतूननं दिलेली राखीही होती. बायको माझी, पण त्याला भाऊ मानते, दरवर्षी राखी पाठवते. देवीदासनं राखी बांधून घेतली. दगड हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "हा मले नको. जैतूनले दे. गोटमारीच्या आदी दे, मास्तर. कबूल कर." आवाज बदलला होता त्याचा. आजारी माणूस, मी कबूल केलं. का म्हणून विचारलं नाही.

गोटमार तेवीसला. दगड कस्टमच्या कपाटात.

१६ ऑगस्ट

माकडं आली. पुढच्या पंजांची ताकद काय, डब्याचं झाकण फिरवून उघडतात! जैतून स्वयंपाकघरातून आली, खडा उचलला, न थांबता मारला. छपराच्या कवेलूवरचं मोठं माकड शेपूट सावरत पळालं. एकच खडा! लहानपणी बापाच्या जवारीत मचाणावर बसून गोफणीनं पाखरं हाकलायची, हात अजून तसाच आहे.

दगड अडकला ते ऐकून नुसतं विचारलं, "त्याईनं काय काय लिवून घेतलं?"

"सगळं."

"सगळं?"

"तीन पानं."

भाजीत मीठ दोनदा पडलं आज.

१८ ऑगस्ट, सोमवार

फोन लावला. सराफ आला, पाहून गेला. रिपोर्ट टाईप व्हायचा आहे. "बुधवारी या."

म्हटलं मॅडम, त्यानं काय केलं? म्हणे, कसोटीच्या दगडावर घासून पाहिलं.

दगडावर दगड घासला! यालाच आम्ही गोटमार म्हणतो.

२० ऑगस्ट, बुधवार

मिळाला!

पहिल्या गाडीनं गेलो. खोलीत शिरलो तर चारपाच जणं एका मोबाईलवर वाकलेले. गोटमारीचा व्हिडिओ! केतकी मॅडम दचकली. "काका, तुम्ही खरंच सांगत होता!"

"मी पोस्टातला माणूस आहे मॅडम. लिफाफ्यात असतं तेच देतो."

रिपोर्ट वाचायला मागितला. 'तपासणीअंती सदर वस्तू दगड असल्याचे आढळून आले.' खाली दोन सह्या, एक शिक्का. माझ्या दगडाला आता सरकारी मान्यता आहे! पांढुर्ण्यात दुसऱ्या कुणाच्या दगडाला असेल तर दाखवावी.

मोठे साहेब जवळ आले. हळूच म्हणाले, "तेवीसलाच आहे ना? यावं म्हणतो बघायला."

"या की. फक्त नदीजवळ उभे राहू नका. तिथे ओळखपत्र पाहत नाहीत."

निघताना मॅडम दारापर्यंत आली. "काका, राग आला होता का?"

मी नाही म्हणणार होतो. सवय असते तशी. पण त्या खोलीत खरं बोलायची गोडी लागली होती. "आला होता. दगडाबद्दल विचारलं त्याचा नाही. माझ्या बायकोचं गाव विचारलं तेव्हा."

तिनं मान खाली घातली. मग म्हणाली, "मी असते तर मलाही आला असता." चांगली पोरगी आहे. तिला दोन खजूर दिले असते, पण लाच ठरली असती.

२१ ऑगस्ट

दगड जैतूनला दिला. "देवीदासनं तुला द्यायला सांगितला. गोटमारीच्या आधी."

तिनं पदरात घेतला. पाणी प्यायली. पुन्हा पाणी प्यायली.

"अजून काय म्हणला भाऊ?"

"काहीच नाही."

ती दगड घेऊन स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं लसूण ठेचायला घेते की काय. डोकावलो तर तिखटाच्या डब्यामागे ठेवून, ओट्याला टेकून उभी.

काम झालं. मला हलकं वाटायला हवं होतं.

२२ ऑगस्ट, पोळा

देवीदासचा फोन. "देला?" "दिला." "काही बोलली?" "नाही." तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. त्याच्या पोरानं फोन घेतला, म्हणाला, काका, बाबा आज पहिल्यांदा हसून राहिले.

२३ ऑगस्ट, गोटमार

दार बंद. दिवसभर ॲम्ब्युलन्सचे भोंगे. मी एकोणीसशे शहाऐंशीपासून जात नाही, जैतूननं शपथ घातली होती. पोरं फुटक्या डोक्यानं जातात आणि आयुष्यभर अभिमानानं सांगतात, मीही त्यातलाच, पण नाहीदच्या मुलाला मी जाऊ देणार नाही.

या दिवशी जैतून माझ्या व्रणाला कोमट तेल लावते. लग्नापासून एक वर्ष चुकलं नाही. मी नेहमीचं बोललो, "सावरगाववाल्यानं फोडलं, सावरगाववालीनंच तेल लावायचं. बरोबर हिशोब."

दरवर्षी यावर ती हसत नाही. आज तर बोट तिथेच थांबलं.

"नाहीदचे अब्बा, तो कागद वाचून दाखवजा मले. तुमी लिवून देला तो."

"आता?"

"उद्या. सकाळी. चष्मा लावून, नीट."

मोठे साहेब आले की नाही कळलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

चहासोबत वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर, 'सदर दगड सावरगाव निवासी देवीदास याने मारला' इथे जैतूननं हात वर केला.

"नाव चुकलं."

"काहून?"

"देवीदासभाऊ त्या दिवशी जामसांवलीले होता, मारुतीच्या दर्शनाले. सांजच्याले आला तं मी रडून राहिली होती. माह्या बापानं मले कापून टाकलं असतं, म्हून त्यानं आपल्यावर घेतलं. नदीकाठच्या मावशीच्या छतावर मी होती. गोफण घेऊन."

बेचाळीस वर्षं! मी चहा सांडला. ती पुसायला उठली.

कस्टमला दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसलो आहे. मारणाऱ्याचे नाव — जैतूनबी. अर्जदाराशी नाते — पत्नी. पुढे कारण लिहायचं, म्हणून विचारलं, नेम धरला होता की चुकून लागला?

कप धुता धुता म्हणाली, "माह्या हातून माकडाले तरी कधी चुकून लागला का?"